बोलकी किल्ली

गावच्या देवळात कीर्तन रंगात आलेले असते. बुवांनी पूर्वरंग आटोपून आख्यान लावलेले असते. राजा हरिश्चंद्र स्मशानाच्या दाराशी उभा असतो, आयाबायांचे पदर डोळ्यांना लागलेले असतात. आणि नेमक्या त्याच घटकेला देवळाबाहेर वडाखाली लावलेली एखादी मोटार किंचाळू लागते. दिवे उघडझाप करतात, कुत्री भुंकतात, पोरे तिकडे धावतात. चोर म्हणावा तर कोणी नाही. मग मंडळींतून एक गृहस्थ ओशाळे होऊन उठतात, सदऱ्याच्या खिशातून एक काळी डबी काढतात आणि तिच्यावरची कळ दाबतात. मोटार गप्प होते. "मांडी घालून बसलो अन् किल्ली दाबली गेली बघा," असे म्हणत ते पुन्हा खाली बसतात. बुवा हसतात, मंडळी हसतात आणि आख्यान पुढे चालू होते.

हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट आहे, यात वाद नाही. पण याच डबीमुळे कोणाच्या मोटारीच्या चारही काचा भर पावसात आपोआप खाली आल्या आहेत, कोणाची डिकी रात्रभर उघडी राहिली आहे. आणि नकळत लागलेल्या गुडघ्यामुळे, कोपरामुळे, मांडीमुळे माणसे व लहान मुले प्राणांस मुकली आहेत, हेही इतिहासात नोंदलेले आहे. म्हणून आज मी तुम्हांला या बोलक्या किल्लीची हकिकत सांगणार आहे. तिला वाचा कशी फुटली, आणि मग भलत्या वेळी बोलू नये म्हणून माणसाने तिला लगाम कसा घातला, हा या हकिकतीचा गाभा आहे.

सुरुवात जुन्या किल्लीपासून करू. आजच्या इराकमध्ये खोरसाबाद नावाचे ठिकाण आहे. असीरियाचा राजा दुसरा सार्गोन याने इसवी सनापूर्वी आठव्या शतकात तेथे राजधानी वसवली. तिच्या अवशेषांत लाकडी कुलूप मिळाल्याची नोंद आहे. प्राचीन इजिप्तमध्येही याच जातीची कुलपे होती. त्यांची रचना मोठी साधी. दाराच्या अडसराला भोके असत आणि वरून लाकडी खुंट्या त्या भोकांत पडत. अडसर अडकला की दार बंद. किल्ली म्हणजे दात असलेली एक लाकडी पट्टी. ती आत सारायची, वर उचलायची, म्हणजे खुंट्या उचलल्या जात आणि अडसर मागे ओढता येई. अमेरिकेतल्या धाकट्या लायनस येल यांनी १८६० नंतरच्या काही वर्षांत हीच युक्ती छोट्या पितळी नळकांड्यात बसवली. तुमच्या आमच्या दाराला आज असलेली कितीतरी कुलपे त्याच वंशातली आहेत.

मधल्या काळात इंग्लंडात जोसेफ ब्रामा यांनी १७८४ साली एक कुलूप काढले आणि ते उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनी देऊ, अशी पाटी दुकानाच्या खिडकीत लावली. ती पाटी वर्षानुवर्षे तशीच राहिली. शेवटी १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ते उघडले. पण त्यासाठी त्याला सुमारे ५१ तास राबावे लागले. १८१८ साली जेरेमाया चब यांनी आणखी एक गंमत केली. त्यांच्या कुलपात कोणी खोटी किल्ली घातली, की ते अडून बसे. मालक घरी आला की त्याला लगेच कळे, आपल्यामागे कोणीतरी खटपट करून गेले आहे. आपल्याकडे १८९७ साली मुंबईच्या लालबागेत अर्देशीर गोदरेज यांनी कुलपांचा कारखाना काढला, आणि ते नाव पुढे खेड्यापाड्यांतल्या दारांवर जाऊन बसले.

आता यात एक गोष्ट ध्यानात घ्या. या साऱ्या थोर कारागिरांच्या डोळ्यांपुढे कोण होता? चोर होता. चोराला कसे अडवायचे, एवढाच त्यांचा विचार. मालकाच्या हातून चूक होईल, त्याच्या नकळत कुलूप उघडेल, ही चिंता त्यांना करावीच लागली नाही. का बरं? कारण लोखंडी किल्ली कमरेच्या जुडग्यात कितीही खुळखुळली, तरी घरचे कुलूप उघडत नाही. त्यासाठी दारापाशी जावे लागते, किल्ली भोकात घालावी लागते आणि फिरवावी लागते. तीन गोष्टी, आणि तिन्ही जाणूनबुजून करायच्या. किल्ली कुलपाजवळ नेणे हीच एक मोठी राखण होती. ती कोणी मुद्दाम योजलेली नव्हती. फुकट मिळालेली होती, म्हणून तिची किंमतही कोणाला कळली नव्हती.

मोटारीच्या पहिल्या दिवसांतही असेच होते. पुढच्या बाजूला दांडा घालून तो गरागरा फिरवावा, तेव्हा कुठे इंजिन धडधडू लागे. तो दांडा उलटा फिरला तर मनगट मोडत असे. इतक्या कष्टाचे काम चुकून होणे शक्यच नव्हते! चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर इंजिन सुरू करण्याची युक्ती काढली आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत ती आली. १९४९ साली क्रायस्लर कंपनीने नुसती किल्ली फिरवली की इंजिन सुरू होईल, अशी सोय केली. प्रत्येक पायरीला श्रम कमी होत गेले. पण माणूस अजून मोटारीत बसलेलाच होता, आणि किल्ली भोकातच होती.

दुरून आज्ञा देण्याची विद्या वेगळ्या वाटेने आली. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कला एका पाण्याच्या हौदात लहानशी बोट सोडली आणि तार न जोडता, बिनतारी लहरींनी ती चालवून दाखवली. पाहणारे थक्क झाले. पण ही विद्या सामान्य माणसाच्या हातात यायला आणखी अर्धे शतक जावे लागले. आणि ती आली, तीदेखील करमणुकीच्या निमित्ताने.

शिकागोच्या झेनिथ कंपनीने १९५० साली टेलिव्हिजनला लांब तार जोडून तिच्या टोकाला कळा बसवल्या. त्या तारेत घरातली माणसे अडखळू लागली. म्हणून १९५५ साली युजीन पॉली यांनी दिव्याचा झोत पाडून चालणारे यंत्र केले. पडद्याच्या चार कोपऱ्यांत चार प्रकाश ओळखणारे डोळे. ज्या कोपऱ्यावर झोत पडेल त्याप्रमाणे काम होई. छान युक्ती! पण खिडकीतून ऊन आत आले, की सूर्यनारायणच कार्यक्रम बदलू लागे. मग १९५६ साली रॉबर्ट ॲडलर यांनी तिसरी तऱ्हा काढली. हातातल्या डबीत ॲल्युमिनियमच्या लहान कांड्या आणि त्यांवर बसणारी हातोडी. कळ दाबली की कांडीवर ठोका पडे आणि माणसाच्या कानाला ऐकू न येणारा बारीक नाद निघे. तो नाद टेलिव्हिजनला ऐकू येई. ना तार, ना बॅटरी. मात्र त्यातही एक खोट राहिली. कोणी खिशातल्या किल्ल्या किंवा नाणी खुळखुळवली, तर त्या आवाजात तसाच बारीक नाद कधी कधी असे, आणि टेलिव्हिजन आपला आपण बदले.

पाहा कसा योग आहे. मोटारीची किल्ली बोलकी होण्याच्या आधी पंचवीस-तीस वर्षे साधी मुकी किल्ली चुकून यंत्राला आज्ञा देऊन गेली होती. यंत्र दुरून ऐकू लागले, की ते आज्ञाही ऐकते आणि बडबडही ऐकते. त्याला हेतू कळत नाही. हा धडा त्या दिवाणखान्यातच मिळाला होता. तेथे बिघडून बिघडून काय बिघडणार? एक गाणे जाऊन दुसरे लागणार. म्हणून तो धडा फार कोणी मनावर घेतला नाही.

मोटारीच्या दाराला ही विद्या लागली ती १९८२ साली. फ्रान्समधील रेनो कंपनीने आपल्या 'फ्युएगो' मोटारीला दुरून उघडणारी कुलपे बसवली. पॉल लिपशुट्झ या गृहस्थांची ती युक्ती. त्यांच्या नावावरून फ्रेंच लोक मोटारीच्या रिमोटला 'प्लिप' म्हणू लागले, आणि अजूनही म्हणतात. ही किल्ली डोळ्यांना न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडच्या प्रकाशावर, म्हणजे अवरक्त किरणांवर चाले. त्यासाठी ती मोटारीकडे रोखून धरावी लागे. खिशात असताना कळ दाबली गेली, तरी तो प्रकाश जाड कापडाबाहेर सहसा पडत नसे. म्हणजे येथेही एक राखण फुकटात मिळाली होती.

पण लोकांना रोखून धरण्याचा कंटाळा आला. प्रकाशाऐवजी रेडिओच्या लहरी आल्या. तुमच्यापर्यंत आकाशवाणीचा आवाज आणणाऱ्या लहरींच्याच या बहिणी. आपल्याकडे आणि युरोपात या किल्ल्या बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे सेकंदाला सुमारे ४३ कोटी कंपनांवर बोलतात. अमेरिकेत ३१५ मेगाहर्ट्‌झवर. या लहरींना सदऱ्याचे कापड आडवे येत नाही, कातडी पिशवी आडवी येत नाही, घराची साधी भिंतही पुरती आडवी येत नाही. इथे ती फुकटची राखण संपली. आता किल्ली कुलपापाशी न्यायला नको, रोखायला नको, खिशातून काढायलासुद्धा नको. बोटाऐवजी मांडीने दाबली तरी तिचे म्हणणे मोटारीला तितकेच स्पष्ट ऐकू जाऊ लागले.

याच सुमारास चोरही शिकला. पहिल्या रेडिओ किल्ल्या दरवेळी एकच सांकेतिक आकडा पाठवीत. चोराने जवळपास यंत्र घेऊन बसावे, तो आकडा टिपून ठेवावा आणि मालक गेल्यावर पुन्हा वाजवावा. त्यावर उपाय म्हणून दरवेळी बदलणारा आकडा आला. दक्षिण आफ्रिकेतल्या तंत्रज्ञांनी १९८० च्या दशकात 'कीलॉक' नावाची अशी एक पद्धत रचली. १९९५ साली ती अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीने विकत घेतली आणि जगभरच्या अनेक मोटारींत ती गेली.

या पद्धतीची खुबी समजावून घेण्यासारखी आहे. गुरुजींनी तर ती वर्गात करून दाखवावी. दोन मुले उभी करा. एक वाड्याचा पहारेकरी, दुसरा मालक. दोघांजवळ परवलीच्या शब्दांच्या दोन वह्या द्या. शब्द तेच आणि क्रमही तोच. मालकाने दारात येऊन पहिला शब्द म्हणायचा. पहारेकऱ्याने वही पाहून दार उघडायचे आणि दोघांनीही तो शब्द खोडायचा. दुसऱ्या वेळी दुसरा शब्द. आता झुडुपाआड लपलेल्या चोराने कालचा शब्द ऐकला असला, तरी आज त्याचा उपयोग नाही. तो खोडलेला आहे. खऱ्या किल्लीत वही नसते, गणित असते. किल्ली आणि मोटार दोघीही गुप्त गणिताने पुढचा आकडा काढतात. पण तत्त्व हेच.

आता खरी अडचण पाहा. मालक शेतावर गेला आहे, वाड्यापासून दोन कोस दूर. दुपारी झाडाखाली झोपला आणि झोपेत चार शब्द बरळला. त्याच्या वहीतले चार शब्द खोडले गेले. पहारेकऱ्याने ते ऐकलेच नाहीत. त्याच्या वहीत ते तसेच आहेत. संध्याकाळी मालक दारात येऊन पाचवा शब्द म्हणतो, आणि पहारेकरी वाट पाहतोय पहिल्या शब्दाची! पहारेकरी जर हट्टी असेल, तर खुद्द मालकालाच बाहेर रात्र काढावी लागेल. चोराला अडवण्यासाठी केलेली युक्ती नेमकी मालकावर उलटली. मोटारीच्या बाबतीत हे रोजच होणार, कारण खिशात कळ दाबली जाते, नातू किल्लीशी खेळतो, पिशवीत कळीवर डबा पडतो.

कीलॉक रचणाऱ्यांनी याचा विचार करून ठेवला होता. त्यांनी पहारेकऱ्याला सांगितले : ऐकलेला शब्द पुढच्या १६ ओळींत कुठेही सापडला, तर समज की मालक मध्ये बरळला असेल, दार उघड आणि मधले शब्द खोडून टाक. शब्द त्याहूनही पुढचा असेल, तर लगेच दार उघडू नको. पण लागोपाठचे दोन शब्द ओळीने बरोबर म्हणून दाखवले, तर त्याला आपला म्हण. ही सवलत ३२ हजारांहून अधिक शब्दांपर्यंत दिलेली होती. मात्र मागचा, खोडलेला शब्द कोणी म्हणाला, तर त्याला मुळीच दाद देऊ नको. निरनिराळे कारखानदार हे आकडे निरनिराळे ठेवतात, पण रीत सगळीकडे साधारण अशीच आहे. पुढे २००८ साली जर्मनीतील बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी कीलॉकचे गुपित फोडण्याचा मार्ग दाखवला, आणि आता त्याहून पक्की गणिते आली आहेत. पण त्या १६ ओळींमागचा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो. कुलपाच्या अडीच हजार वर्षांहून जुन्या इतिहासात चोराइतकाच चुकणाऱ्या मालकाचाही हिशेब येथे मांडला गेला.

ही झाली शब्द वाया जाण्याची गोष्ट. पण मोटार ऐकण्याच्या टप्प्यात असेल तर काय? तर ती आज्ञा पाळणारच. तेथे प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही.

मोटारीच्या काचा विजेवर वरखाली होऊ लागल्या, तेव्हापासून लहान मुलांवर संकट आले. मूल सीटवर गुडघे टेकून खिडकीबाहेर डोके काढते, गुडघा खालच्या खटक्यावर पडतो आणि काच वर येऊन मान अडकते. अशी मुले अमेरिकेत दगावली. हा गुन्हा मुलाचा म्हणावा का? आईबापांचे लक्ष नव्हते, एवढे बोलून हात झटकता आले असते. पण शेवटी तेथील सरकारने खटक्याचीच तपासणी करायची ठरवले. २००४ साली नियम निघाला, की ४० मिलिमीटर व्यासाचा गोल ठोकळा खटक्यावर दाबून पाहावा. काच हलली तर तो खटका नापास. तो ठोकळा म्हणजे मुलाचा गुडघाच समजा. २००५ च्या कायद्याने त्यापुढे पाऊल टाकले : काच वर करायची तर खटका बोटाने वर ओढावा लागला पाहिजे. गुडघा दाबू शकतो, पण ओढू शकत नाही. १ ऑक्टोबर २०१० पासून तेथे ही रीत सर्व नव्या हलक्या मोटारींना लागू झाली. तुमच्या गावातल्या एखाद्या नव्या मोटारीचा खटका बघा, बहुधा तसाच असेल.

रिमोटने काच बंद करण्यालाही तेथे मर्यादा घातली गेली. कळ सतत दाबून धरली असेल तोवरच काच वर जाईल, बोट सुटले की थांबेल. आणि साधारणपणे मोटारीपासून ६ मीटरपलीकडून ते होताच कामा नये. म्हणजे काच लावणाऱ्याला आत कोण आहे ते दिसावे. सतत धरून ठेवण्याची ही अट मुंबईकरांना नवी नाही. लोकलच्या मोटरमनच्या हाताखाली जो दांडा असतो, तो त्याने दाबून धरलेला असावा लागतो. मोटरमनला भोवळ आली, हात सुटला, तर गाडीला ब्रेक लागतो. 'डेडमॅन्स हँडल' म्हणतात त्याला.

पण श्रोते हो, खिशाच्या बाबतीत ही अट अपुरी पडली. काच उघडण्यासाठीही पुष्कळ मोटारींत कळ काही सेकंद दाबून धरायची असते. माणसाच्या हाताला हे मुद्दाम करावे लागते. पण मांडीखाली दबलेली कळ पाच सेकंदच काय, अर्धा तास दबून राहते! म्हणून मालक घरात गादीवर निवांत आणि अंगणात मोटारीच्या काचा खाली. रात्री पाऊस आला की सकाळी सीटवर तळे. यावरून कारागीर आणखी एक गोष्ट शिकले. नुसते जास्त वेळ दाबणे हा हेतूचा पुरावा नव्हे. दोन निरनिराळ्या कृती एकामागून एक झाल्या, तर मात्र तो हेतू समजावा. मांडी एक कळ दाबेल. पण आधी ही, मग ती, असे ओळीने करणार नाही. म्हणून दुरून इंजिन सुरू करण्याची सोय असलेल्या अनेक मोटारींत आधी कुलूप लावण्याची कळ दाबावी लागते आणि मग इंजिनाची कळ धरून ठेवावी लागते. डिकीची कळ काहींत दोनदा दाबावी लागते. कळा डबीच्या पृष्ठभागाखाली खोल बसवतात, भोवती कड ठेवतात. आणि कुलूप चुकून उघडलेच, पण ठराविक वेळात, बहुधा अर्ध्या-एक मिनिटात, एकही दार उघडले नाही, तर पुष्कळ मोटारी आपले कुलूप पुन्हा लावून घेतात.

जुन्या किल्लीत दारापाशी जाणे, आत घालणे आणि फिरवणे अशा तीन पायऱ्या होत्या, असे मी सुरुवातीला म्हणालो. सुखसोयीच्या नादात आपण त्या काढून टाकल्या. आणि आता दोनदा दाब, आधी ही मग ती, जवळ ये, धरून ठेव, अशा रूपाने त्याच पायऱ्या एकेक करून परत आणाव्या लागत आहेत.

हा विचार न केल्याची किंमत किती पडते, ते अमेरिकेत २०१४ साली उघड झाले. ती मोटारीची साधी, भोकात घालायची किल्ली होती. जनरल मोटर्स कंपनीच्या काही मोटारींत ती किल्ली जेथे फिरते तो खटका फार सैल होता. किल्लीला जड जुडगा लटकत असला आणि रस्त्यात हादरा बसला, किंवा चालकाचा गुडघा लागला, की धावत्या मोटारीत किल्ली मागे फिरे. इंजिन बंद, सुकाणू जड, आणि अपघातात फुगून माणसाला वाचवणारी हवेची पिशवीही बंद. किल्लीला लांबट खाच होती, त्यामुळे जुडगा एका बाजूला सरकून किल्लीवर अधिक ओढ बसे. लांबट खाचेऐवजी लहान गोल भोक केले तरी ती ओढ कमी होत होती. हे दुखणे कंपनीतल्या लोकांना कितीतरी वर्षे आधी कळले होते. तरी मोटारी परत बोलावल्या गेल्या त्या २०१४ साली. त्या वर्षी या एका खटक्यापायी २६ लाख मोटारी बोलावाव्या लागल्या. कंपनीने नेमलेल्या भरपाईच्या योजनेने १२४ मृत्यू या दोषामुळे झाल्याचे मान्य केले. तोपर्यंत बऱ्याच ठिकाणी चालकाचीच चूक धरली गेली होती. गाडी भरधाव होती, लक्ष नव्हते, असे म्हटले गेले. गुडघा लागणे ही चूक म्हणावी, की गुडघा लागणारच हे न ओळखणे ही चूक म्हणावी?

आता आपल्या घरचे बोलू. तुमच्या घरी मोटार असेल, नाहीतर शेजारी असेल, मुलगा पुण्याहून घेऊन येत असेल. चार गोष्टी पाळल्या तर पुष्कळ काम होते.

किल्ली पँटच्या मागच्या खिशात ठेवू नका, आणि नाणी, फोन यांच्याबरोबर एकाच खिशात कोंबू नका. कळा झाकणारे कडक आवरण बाजारात मिळते. नसेल तर जुना चष्म्याचा डबा चालतो. घरी आल्यावर किल्ली उंच खुंटीला किंवा फडताळात ठेवा. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली तर कळ दाबली गेली तरी लहरी बाहेर फारशा पडत नाहीत. मोटारीबरोबर मिळालेली पुस्तिका एकदा मुलाकडून वाचून घ्या. रिमोटने काचा उघडण्याची सोय अनेक मोटारींत बंद करून घेता येते. पावसाळ्याआधी ते काम उरकावे.

आणि नातवाने खेळून किल्ली बंद पाडली, असे वाटले तर घाबरू नका. मोटारीजवळ उभे राहून कळ दोन-तीनदा दाबा. ते लागोपाठचे दोन शब्द आठवतात ना? तेवढ्याने बहुधा भागते. तरीही दार उघडले नाही, तर पुष्कळ रिमोटच्या पोटात एक छोटी लोखंडी किल्ली दडवलेली असते, ती काढावी.

पण मुळात ती किल्ली लहान मुलाच्या हाती खेळायला देऊच नये, हे मी हात जोडून सांगतो. त्यात रुपयासारखी चपटी गोल बॅटरी असते. मुलाने ती गिळली आणि अन्ननळीत अडकली, तर दोन तासांत आत भाजल्यासारखी जखम होऊ शकते. वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात न्यावे लागते. दुसरे असे, की अंगणात मोटारीचे कुलूप चुकून उघडे राहिले, तर मुलांना ते खेळघर वाटते. अमेरिकेत १९९८ च्या उन्हाळ्यात तीन घटनांत मिळून ११ मुले मोटारींच्या डिकीत अडकून गेली. त्यानंतर तेथे नियम झाला, की सप्टेंबर २००१ पासून नव्या मोटारींच्या डिकीत आतून उघडणारी, अंधारात चमकणारी मूठ असावी. आपल्याकडे २०२३ च्या जूनमध्ये नागपुरात तीन चिमुकली मुले उभ्या मोटारीत सापडून गेली. त्यात रिमोटचा दोष होता असे मी म्हणत नाही. पण मोटारीचे दार उघडे आहे की बंद, हे उतरल्यावर हाताने ओढून पाहण्याची सवय लावून घ्या. कळ दाबली म्हणजे कुलूप लागलेच, असे धरून चालू नका.

शिक्षक बंधुभगिनींना एकच विनंती. परवलीच्या वह्यांचा तो खेळ वर्गात जरूर घ्या. आणि मुलांना एक प्रश्न घाला : तुमच्या घरातली अशी कोणती वस्तू आहे, की जी चुकून हात लागला तर नुकसान करील? गॅसची शेगडी असेल, विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर असेल, कडबा कापायचे यंत्र असेल. मग विचारा, चुकून हात लागला तरी काही बिघडू नये, म्हणून तुम्ही त्या वस्तूत काय फरक कराल? पोरे अशा युक्त्या सांगतात की आपण थक्क व्हावे. त्यांतलेच कोणी उद्या यंत्रे बनवणार आहेत. हात चुकणारच, हे त्यांना आताच ठाऊक असलेले बरे.

आणि पुढच्या एकादशीला कीर्तनाला जाल तेव्हा मांडी घालण्याआधी किल्ली खिशातून काढून तेवढी समोर ठेवा, म्हणजे हरिश्चंद्राचे आख्यान नीट पार पडेल.